डोनर साईटसाठी विघटनशील पट्टी : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२४

त्वचारोपणात सगळ्यांचं लक्ष ज्या जखमेवर कातडी बसवली तिच्याकडे असतं. कातडी जिथून काढली त्या जागेची (डोनर साईट, बहुतेकदा मांडी) चौकशी फारसं कुणी करत नाही, आणि पेशंट कळवळतो तो बहुतेकदा तिथल्या दुखण्याने. डर्माटोम या यंत्राने किंवा हम्बी सुरीने साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा उतरवतात. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी खालच्या थरात शाबूत राहतात. तिथून नव्या पेशी पसरत जातात आणि दहा ते चौदा दिवसांत जखम बुजते. तोवर मज्जातंतूंची टोकं उघडीच. पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत वाईट.

आज प्लास्टिक सर्जरीच्या मॅडमशी सविस्तर बोलणं झालं. त्यांच्याकडे पॅराफिन गॉज (मेणचट जाळीदार कापड), त्यावर साध्या गॉजचे थर, वरून रोलर बँडेज, अशी पद्धत आहे. पाझर वाळला की गॉज जखमेला धरून बसतो. "अगं, ओढून काढला तर नवीन आलेली कातडी त्याच्याबरोबर निघते. म्हणून आम्ही आपोआप सुटायची वाट बघतो. पण तोवर खाली काय चाललंय ते कळत नाही."

त्यांना हवी असलेली पट्टी अशी : एकदा लावली की ओढून काढावी लागू नये, आरपार जखम दिसावी, आणि पहिले चार दिवस दुखणं उतरलेलं असावं. भाजलेल्या लहान मुलांबद्दल त्या बराच वेळ बोलल्या. मुलं ड्रेसिंगची ट्रॉली दिसली तरी रडायला लागतात. या प्रकल्पाचं मोजमाप मी तिथेच ठरवलं. आलेख कितीही देखणा येऊ दे, मांडीवरची पट्टी ओढावी लागली तर काम अर्धंच झालं.

१६ जानेवारी

वाचन. सुरुवात अर्थातच जॉर्ज विंटरपासून. १९६२ साली त्याने लहान डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथीनच्या पातळ पडद्याखाली झाकल्या. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. खपली धरली की पेशींना खपलीच्या खालून वाट काढावी लागते. ओलसर पृष्ठभागावर त्या सरळ सरकतात. जखम कोरडी ठेवा हा सल्ला आपल्याकडे घराघरांत अजून दिला जातो.

मुंबईतलं काम या वाचनात मला सर्वांत जवळचं वाटलं. डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली लावण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. साली गॉजवर लावून पट्टी करायची, सालीची आतली बाजू जखमेकडे. पुढे २००३ मध्ये डॉ. गोरे आणि डॉ. अकोलेकर यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग अभ्यासलं, त्यात डोनर साईटही होती. पान गुळगुळीत, मेणचट, जखमेला धरत नाही, आणि खर्च नगण्य. ही माणसं साधनं कमी म्हणून रडत बसली नाहीत, त्यांनी जखमेला नेमकं काय हवं ते ओळखलं. आमच्या पट्टीला न चिकटण्याच्या बाबतीत केळीच्या पानाशी बरोबरी करता आली पाहिजे. महागडा पॉलिमर (लांब रेणु-साखळ्यांचा पदार्थ) वापरून त्यात कमी पडलो तर उपयोग नाही.

ग्रुपमध्ये प्रश्न आला : हळद का नको? हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं, डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. प्रेम मलाही आहे. पण कर्क्युमिन (हळदीतलं मुख्य द्रव्य) पाण्यात जवळपास विरघळत नाही, पीएच (आम्लतेचं माप) सातच्या वर गेला की झपाट्याने मोडतं, आणि पट्टी पिवळीजर्द होते. मॅडमना जखम दिसायला हवी. शिवाय आपला प्रश्न वेदनेचा आहे. औषध लिग्नोकेनच, म्हणजे जागा बधिर करणारं.

२ फेब्रुवारी

पॉलिमर ठरले.

पॉलिकॅप्रोलॅक्टोन हाताळायला सोपा, पण शरीरात पुरता मोडायला दोन-तीन वर्षं घेतो. चौदा दिवसांच्या जखमेसाठी तो नको. जखमेला टेकणारा मुख्य पडदा कायटोसानचा. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनवरचे ॲसिटिल गट काढले की कायटोसान होतो. किती टक्के गट काढले यावर सगळा खेळ. जखमेच्या पाझरात लायसोझाइम हे विकर असतं आणि ते साखळी तोडतं ते उरलेल्या ॲसिटिल गटांच्या जवळ. सगळेच गट काढले तर लायसोझाइमला धरायला जागा राहत नाही आणि पडदा तसाच पडून राहतो. आम्ही ८५ टक्क्यांच्या आसपासचा माल घेतला. पुरवठादाराकडून प्रत्येक खेपेची चाचणी-पत्रिका मागायची, रेणुभार आणि राखेचं प्रमाण दोन्ही. कवचातलं खनिज नीट काढलेलं नसेल तर पडदा गढूळ येतो.

कोळंबीची ॲलर्जी असलेल्या पेशंटांचा मुद्दा मॅडमनी काढला. बुरशीपासून केलेला कायटोसानही मिळतो. महाग आहे, पण पर्याय म्हणून एक खेप त्याची करायची.

औषध धरून ठेवायला पीएलजीए, म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचा सहपॉलिमर. याच घराण्यातले विरघळणारे टाके १९७० च्या दशकापासून वापरात आहेत. पाण्याने साखळ्या तुटतात आणि शेवटी उरतं ते शरीराला ओळखीचं आम्ल. ५०:५० प्रमाणाचा, कमी रेणुभाराचा, आम्ल-टोकाचा प्रकार घेतला, कारण त्यांतला तो लवकर मोडणारा.

१४ फेब्रुवारी

नुसते पडदे, औषधाशिवाय. एक टक्का ॲसेटिक आम्लात दोन टक्के कायटोसान, रात्रभर ढवळून सकाळी मलमलच्या कापडातून गाळला. न विरघळलेले तंतू कापडावर राहतात, चिकट आणि जिलेटिनसारखे पारदर्शक. ते गाळले नाहीत तर पडद्यात गाठी दिसतात. मग निर्वातात ठेवून बुडबुडे काढले. हे काम घाईने होत नाही. टेफ्लॉनच्या थाळ्यांत ओतून ३७ अंशांवर वाळवले. दुसऱ्या दिवशी खोलीभर व्हिनेगरचा वास, आणि थाळीतून पडदा आंबापोळीसारखा अलगद सुटून आला.

पण तो नुसता पाण्यात टाकला तर फुगून विरघळतो, कारण अजून तो आम्लाचं मीठ आहे. सौम्य कॉस्टिक सोड्यात बुडवून उदासीन करावा लागतो. त्यात तो आकसतो, कडा वळतात. चौकटीत ताणून धरला तर सपाट राहतो. ग्लिसरॉल घातलं नाही तर वाळल्यावर काचेसारखा तडकतो. मांडीच्या गोलाईवर बसायचा तर वाकला पाहिजे.

साखळ्या एकमेकींना बांधायला जेनिपिन वापरून पाहिलं. ग्लुटारअल्डिहाइडच्या मानाने पेशींना ते खूपच सौम्य. पडदा मजबूत झाला, आणि रात्रीत शाईसारखा निळा. रंग सुंदर होता, मात्र त्याच्यातून जखमेचा गुलाबी, काळपट, हिरवट असा कुठलाच फरक कळणार नाही. जेनिपिन बंद. त्याऐवजी ट्रायपॉलिफॉस्फेटने हलकी बांधणी. ताकद थोडी कमी, पण पडद्याखालचा छापील कागद वाचता येतो.

५ मार्च

आज औषध घातलं. पहिला प्रयोग सर्वांत सरळ : लिग्नोकेन हायड्रोक्लोराइड कायटोसानच्या द्रावणातच. दोन अडचणी लगेच पुढे आल्या. उदासीन करताना धुण्याच्या पाण्यातच औषधाचा मोठा भाग निघून जातो. उरलेलं औषध बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) टाकल्यावर काही तासांत बाहेर. पाण्यात इतक्या सहज विरघळणारं मीठ फुगलेल्या पडद्यात कशाला थांबेल?

हे नुसतं गैरसोयीचं नाही. लिग्नोकेनची एका वेळची कमाल मात्रा साधारण किलोमागे ४.५ मिलिग्रॅम धरतात. बारा किलोच्या मुलासाठी ती ५४ मिलिग्रॅम. दहा बाय दहा सेंटिमीटरची डोनर साईट म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅम औषध ठेवलं तर पट्टीत १०० मिलिग्रॅम, कमाल मात्रेच्या जवळपास दुप्पट. चार दिवसांत सावकाश सुटलं तर काही बिघडत नाही, शरीर ते मोडत राहतं. सोललेल्या त्वचेतून दोन तासांत सगळं रक्तात गेलं तर आधी तोंडाभोवती मुंग्या, मग झटके, मग हृदयावर परिणाम.

ग्रुपमध्ये आज मी हेच पुन्हा पुन्हा सांगितलं. पट्टीत किती औषध आहे या आकड्याला एकट्याला अर्थ नाही. ते किती वेळात सुटतं, ती खरी मात्रा. आपण पॉलिमर निवडतो म्हणजे डोस लिहून देतो. म्हणून पट्टी फाटली, मध्येच कापली, जास्त भिजली, अशा वाईटातल्या वाईट परिस्थितीतही पहिल्या काही तासांत किती सुटेल, तो आकडा आधी बांधायचा. चार दिवस औषध पुरणं त्यानंतर.

२१ मार्च

हायड्रोक्लोराइड मीठ सोडून लिग्नोकेनचा बेस, म्हणजे आम्ल न जोडलेलं मूळ रूप, घेतला. तो तेलात रमतो, म्हणून पीएलजीएबरोबर डायक्लोरोमीथेनमध्ये विरघळवता येतो. हे द्रावण पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पाण्यात होमोजिनायझरने फेटायचं, मग उघडं ठेवून सावकाश ढवळत विद्रावक उडवायचा. थेंबांचे गोळे होतात.

पहिल्या खेपेत गोळ्यांमध्ये औषध फारच कमी अडकलं. कारण बेसच्या स्वभावात आहे. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात तो, ७.९ च्या आसपास. साध्या पाण्यात त्यातला काही भाग प्रोटॉन घेऊन पाण्यात पळतो. बाहेरच्या पाण्याचा पीएच नऊवर ठेवल्यावर पळापळ थांबली आणि अडकलेलं औषध स्पष्ट वाढलं. पण जास्त वेळ नऊवर ठेवलं तर पीएलजीएच्या साखळ्याच तुटायला लागतात. विद्रावक उडाला की लगेच गाळून धुवायचं.

सूक्ष्मदर्शकाखाली गोळे गुळगुळीत, काहींवर बारीक खळगे. दुपारी टेबलावर राहिलेल्या नमुन्यातले गोळे मात्र एकमेकांना चिकटलेले. पीएलजीए ४५-५० अंशांच्या आसपास मऊ होतो, आणि लिग्नोकेनचा बेस त्याला आणखी मऊ करतो. पुण्यातली मार्चची दुपार त्याला पुरते. यापुढे गाळणं, धुणं थंड पाण्याने, आणि साठवण फ्रीजमध्ये. हाच प्रश्न पुढे गोदामात, टेम्पोत आणि तालुक्याच्या दवाखान्यात येणार आहे, त्यामुळे औषधाचं प्रमाण वाढवण्याचा मोह आवरायचा.

गोळ्यांत उरलेलं डायक्लोरोमीथेन गॅस क्रोमॅटोग्राफीने (वायूरूपात घटक वेगळे करून मोजणं) तपासायला पाठवलं. मर्यादा दशलक्षांत ६०० भाग.

१२ एप्रिल

गोळे कायटोसानच्या पडद्यात पसरवून केलेल्या पट्टीची सुटण्याची चाचणी. पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर, ३७ अंश, शेकर. नमुने एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), कारण नुसत्या यूव्हीवर, म्हणजे अतिनील प्रकाशाने मोजताना, लिग्नोकेनचं शोषण क्षीण असतं आणि पडद्यातून सुटणारे बारीकसारीक घटक त्यात मिसळतात.

आता सुरुवातीचा लोंढा बराच आटोक्यात आहे. गोळ्यांच्या पृष्ठभागाजवळचं औषध आधी निघतं, मग वेग मंदावतो. पहिल्या साठ टक्क्यांवर औषध सुटण्याची तऱ्हा ओळखायचं कोर्समायर-पेपासचं समीकरण बसवलं, घातांक ०.५ च्या जवळ आला, म्हणजे मुख्यतः विसरणच (औषध आपोआप दाटीकडून विरळीकडे झिरपणं). पीएलजीए मोडण्याचा वाटा नंतरचा. चार दिवसांसाठी आपल्याला विसरणावरच भिस्त ठेवावी लागेल, साखळ्या तुटायची वाट बघण्याइतका वेळ या जखमेकडे नाही.

फक्त, बाटलीतलं हे चित्र मांडीवरच्या जखमेचं नाही. आपण पट्टी भरपूर बफरमध्ये बुडवतो, सतत हलवतो. जखमेवर पाझराचा पातळ थर असतो, पहिल्या दिवशी भरपूर, नंतर कमी. म्हणून फ्रान्झ सेलवरही (यात पट्टीची एकच बाजू द्रवाला टेकते) तीच पट्टी लावली. अपेक्षेप्रमाणे वेग कमी. मी दोन्ही आलेख ठेवणार आहे : बाटलीचा आलेख सुरक्षिततेसाठी, म्हणजे जास्तीत जास्त किती वेगाने सुटू शकेल यासाठी, फ्रान्झचा परिणामासाठी. नुसता एकच छापला तर वाचणाऱ्याची दिशाभूल होईल.

एक गोष्ट मनात घोळते आहे. पीएलजीए मोडताना आम्ल सुटतं, गोळ्याच्या आत साचतं, आणि आतला भाग बाहेरच्यापेक्षा लवकर पोखरला जातो. आम्लात लिग्नोकेन प्रोटॉन घेतं, आणि प्रोटॉन घेतलेला रेणू मज्जातंतूच्या आवरणातून सहज शिरत नाही. सुजलेल्या, आम्लधर्मी जागेत भूल नीट चढत नाही हा दंतवैद्यांचा नेहमीचा अनुभव यातलाच. कायटोसानचे अमाइन गट हे आम्ल काही प्रमाणात पिऊन घेतील असं वाटतं. पट्टीखालचा पीएच रोज मोजायचा.

३ मे

पेशींवरच्या चाचण्या. आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पाचव्या भागाप्रमाणे पट्टीचा अर्क काढून एल९२९ फायब्रोब्लास्टवर (जोडऊतीच्या पेशी). पिवळं एमटीटी हे रंगद्रव्य जिवंत पेशींत जांभळं होतं. नियंत्रणाच्या ७० टक्क्यांखाली उतरलं तर पदार्थ विषारी धरायचा.

तीन प्रकार लावले : नुसता पडदा, रिकामे गोळे घातलेला, आणि औषध घातलेला. पहिले दोन व्यवस्थित पार. तिसऱ्यात औषध जितकं जास्त तितका रंग फिका. स्थानिक भूल देणारी औषधं जास्त तीव्रतेला फायब्रोब्लास्टना मारक ठरतात हे माहीत असलेलंच आहे, आणि जखम भरणाऱ्या पेशी त्याच. म्हणजे दुखणं थांबवण्याच्या नादात आपण जखम भरणंच लांबवू शकतो. चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅमचा विचार सोडून दिला, निम्म्यावर आलो. यामुळे ५ मार्चचं मुलाचं गणितही कमाल मात्रेच्या आत बसतं : १०० चौरस सेंटिमीटरला ५० मिलिग्रॅम, तेही पसरून.

मॅडमना फोन केला. "दुखणं शून्य नको मला. पोरगं झोपलं पाहिजे, बास," असं त्या म्हणाल्या. निम्मी मात्रा त्यांना मान्य आहे.

२७ मे

बाष्प किती जातं ते तपासलं. धड त्वचेतून दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे २०४ ग्रॅम पाणी उडतं, मांसांकुर (भरताना येणारं लाल, दाणेदार मांस) धरलेल्या उघड्या जखमेतून ५,००० ग्रॅमच्या वर. पट्टीने मधलं गाठायचं. २,००० ते २,५०० ग्रॅम हा पट्टा सर्वसाधारणपणे योग्य मानतात. कमी झालं तर पाझर साचून पट्टी तरंगते, जास्त झालं तर जखम वाळते. आमचा पडदा एकटा जास्तच सोडतो. जाडी वाढवली तर आरपार दिसणं कमी होतं. सध्या जाडी तीच ठेवून ग्लिसरॉल कमी केलंय, आणि वरून साधा पॉलियुरेथिनचा पारदर्शक चिकट पडदा लावून पुन्हा मोजायचं. तो बाजारात मिळतो, सिस्टरना लावायची सवय आहे.

१८ जून

निर्जंतुकीकरण. इतके दिवस ज्या पट्टीची मापं घेतली ती पेशंटच्या अंगाला लागणारच नाही. लागेल ती निर्जंतुक केलेली, आणि ती वेगळी वस्तू आहे. ऑटोक्लेव्हमध्ये गोळ्यांचा लगदा होईल आणि कायटोसान पिवळा पडेल. इथिलीन ऑक्साइडचा अंश पडद्यात राहण्याची भीती. उरतात गॅमा किरण, नेहमीची मात्रा २५ किलोग्रे (किलोग्रे हे शोषलेल्या किरणांचं एकक).

मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात आयसोमेड हे गॅमा निर्जंतुकीकरणाचं केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. जखमेसाठी पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारी जेली, गॅमा किरणांनीच घडवण्याचं तंत्रही भाभा केंद्राने उभं केलं. तिथे किरण साखळ्या बांधतात आणि निर्जंतुकही करतात, एकाच कामात दोन्ही. आमच्याकडे उलटं आहे. पीएलजीए आणि कायटोसान दोघांच्याही साखळ्या गॅमाने तुटतात.

किरण दिलेल्या खेपेत तेच दिसलं. जीपीसीवर (साखळ्यांची लांबी मोजणारं यंत्र) पीएलजीएचा रेणुभार उतरलेला, आणि औषध सुटण्याचा वेग वाढलेला, विशेषतः सुरुवातीचा. म्हणजे ज्या पहिल्या तासांवर आम्ही इतका जीव टाकला तेच तास हलले. आता मूळ पीएलजीएच थोडा जास्त रेणुभाराचा घ्यायचा, म्हणजे किरणांनंतर तो हव्या तिथे उतरेल. कोरड्या बर्फात ठेवून किरण द्यायचे, मुक्त मूलकांचा (किरणांनी तयार होणारे, साखळ्या तोडणारे रेणूंचे तुकडे) उपद्रव कमी होतो. आणि यापुढे सगळी मापं, ताकद, बाष्प, पेशी, सुटण्याचा वेग, किरणांनंतरच्याच पट्टीवर. आधीचे आकडे वहीत राहू देत; अहवालात किरणांच्या आधीचे म्हणून वेगळे दाखवायचे.

९ जुलै

प्राण्यांवरच्या चाचणीचा प्रस्ताव संस्थेच्या नैतिक समितीसाठी लिहिला. उंदरावर करा, स्वस्त पडेल, असं दोघांनी सुचवलं. मी विरोधात आहे. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा सैल पडदा असतो, त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून बंद होते. माणसाची डोनर साईट पेशी पसरून भरते, आकसून नाही. डुकराची त्वचा या बाबतीत आपल्या जवळची. उंदरावर छान निकाल घेऊन आपल्याला हव्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नसेल तर त्या प्राण्यांचा जीव कशासाठी घ्यायचा? कमी प्राणी, पण योग्य प्राणी, असं प्रस्तावात स्पष्ट लिहिलंय. पट्टीखालचा पीएच, रक्तातलं लिग्नोकेन पहिल्या बारा तासांत ठरावीक अंतराने, आणि दहाव्या दिवशी ऊतीचा छेद.

गोळ्यांचं काय होणार याबद्दलही एक परिच्छेद टाकला. दोन आठवड्यांत पीएलजीए पूर्ण मोडणार नाही. पण नवी त्वचा पडद्याच्या खालून येते, आणि मोडत आलेला पडदा उरलेल्या गोळ्यांसकट वरच्या वर सुटतो. जे थोडे आत अडकतील ते पुढच्या काही आठवड्यांत मोडतील. हे छेदात दिसलं पाहिजे, नुसतं आमच्या म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवू नये.

२३ जुलै

औषध नसलेल्या पट्ट्या वॉर्डातल्या सिस्टरना हाताळायला दिल्या. मोठ्या सिस्टरनी ग्लोव्हज घालून एक पाकीट फोडलं, पट्टी सलाईनमध्ये बुडवली आणि मला म्हणाल्या, "मॅडम, ओली झाली की हिची कुठली बाजू खाली हेच कळत नाही. रात्रीच्या ड्युटीला एकटी असेन तर मी काय करू?" दोन्ही बाजू हाताला सारख्याच लागतात. गोळे मात्र ओतल्यानंतर खाली बसतात, त्यामुळे एका बाजूला जास्त असतात. बाजू उलटी लागली तर वेग बदलेल. हा प्रश्न आमच्या कुठल्याही उपकरणात दिसला नसता.

कोरडी लावून मग वरून सलाईनचे थेंब टाकणं त्यांना सोपं वाटलं. कात्रीने कापताना कोरडी पट्टी कडेला चिरते, हेही त्यांनीच दाखवलं. चौकोनापेक्षा लांबट आकार हवा, मांडीवर तोच लागतो.

पुढची खेप : जास्त रेणुभाराचा पीएलजीए, चौरस सेंटिमीटरला अर्धा मिलिग्रॅम औषध, लांबट थाळ्या, एक कोपरा तिरका कापलेला, म्हणजे तिरका कोपरा उजवीकडे वर आला की बाजू बरोबर. कडा चिरू नये म्हणून ग्लिसरॉल मूळ प्रमाणावर आणायचं, बाष्पाचा हिशेब वरच्या पॉलियुरेथिनच्या पडद्यावर सोपवायचा. गोळे खाली बसू नयेत म्हणून द्रावण थोडं घट्ट करून पाहायचं. बुरशीच्या कायटोसानची खेपही याच वेळी. किरणांसाठी नोंदणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कोरड्या बर्फाची व्यवस्था आधी पक्की करून.